कचऱ्याच्या डब्याचे झाकण हात न लावता कसे उघडते?



गेल्या पावसाळ्यात विहारात आमची आरोग्य बैठक होती. विषय होता लहान मुलांचे जुलाब. बैठक संपत आली तेव्हा मागे बसलेल्या एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, एक वेगळंच विचारू का? मी ज्या बाईंकडे धुणी-भांडी करते, त्यांनी कचऱ्याचा नवीन डबा आणलाय. समोर हात धरला की झाकण आपोआप उघडतं. आठ दिवस चाललं आणि बंद पडलं. बाई म्हणतात, तूच मोडलंस, पगारातून पैसे कापीन. मी तर त्याला भीतीनं हातसुद्धा लावत नाही. करंट बसेल म्हणून."

बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या. पगारातून पैसे कापणे ही हसण्यासारखी गोष्ट नाही. शिवाय ताईंच्या नातवाला त्या महिन्यात दोनदा जुलाब झाले होते. त्यामुळे त्यांचा दुसरा प्रश्न होता, "असा डबा घरी घ्यावा का? त्यानं पोराचं दुखणं थांबेल का?"

दोन्ही प्रश्न चांगले होते. तिथे जे सांगितले तेच आज या पानावर सविस्तर लिहीत आहोत. यंत्र समजले की त्याची भीती जाते आणि कोणी खोटा आळ घेतला तर उत्तरही देता येते.

झाकणाला हात का लावायचा नाही?

आपल्या घरातल्या कचऱ्याच्या डब्यात काय काय पडते ते आठवून पाहा. मासळीची खवले, कोंबडी धुतल्यावर उरलेले तुकडे, बाळाचे डायपर, नाक पुसलेला कागद, उष्टे-खरकटे. हे टाकताना ज्या हाताने टाकतो त्याच हाताने झाकण धरतो. झाकणाची कड आणि मूठ हीच डब्याची सर्वांत घाण जागा होते आणि धुताना नेमकी तीच राहून जाते.

आता स्वयंपाकाच्या वेळी काय होते ते पाहा. हात धुतले, कणीक मळायला घेतली. मध्येच बटाट्याची साल टाकायची आठवण झाली. झाकण उचलले, साल टाकली, परत हात कणकेत. झाकणावरचे जंतू हातावर, हातावरून पोळीत किंवा बाळाच्या वाटीत. जुलाब, हगवण, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू विष्ठेतून निघतात आणि तोंडावाटे पोटात जातात. वाटेत त्यांना वाहून नेणारे म्हणजे पाणी, माशी आणि आपले हात.

हातांची ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही उशिरा कळली. १८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की, प्रेतांची चिरफाड करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतपणे करतात आणि त्या खोल्यांतल्या बायका बाळंतज्वराने जास्त मरतात. त्यांनी सगळ्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही बऱ्याच मोठ्या डॉक्टरांनी त्यांचे ऐकले नाही. आपले हात घाण असतील हे मानणे त्यांना कमीपणाचे वाटले.

म्हणून दवाखान्यात वॉर्डातला डबा हात न लावता उघडणारा असतो. हातमोजा काढला, डब्यात टाकला, हात धुतले, पुढच्या पेशंटकडे गेले. हात पुसलेला कागद टाकायलाही झाकण धरावे लागत नाही.

पायाने उघडणारा डबा

हात न लावता उघडणाऱ्या डब्यांत सर्वांत साधा आणि सर्वांत भरवशाचा म्हणजे पेडलचा डबा. त्याला सेल लागत नाही, वीज लागत नाही. रिकामा डबा उलटा करून पाहा, सगळे यंत्र दिसते. त्यात चारच गोष्टी असतात.

पहिली, पेडल. डब्याच्या बुडाखालून जाणारी ही एक पट्टी असते. तिचे एक टोक पुढे बाहेर आलेले असते, त्यावर आपण पाय ठेवतो.

दुसरी, टेकू. ती पट्टी मध्ये एका आडव्या खिळीवर टेकलेली असते. बागेतला सी-सॉ आठवा. एक पोर खाली गेले की दुसरे वर जाते. इथे पायाकडचे टोक खाली गेले की मागचे टोक वर उठते. याला शाळेच्या पुस्तकात तरफ म्हणतात. विहिरीवरून पाणी काढायची ओकती, कात्री, अडकित्ता, हातपंपाचा दांडा या सगळ्या तरफाच आहेत.

तिसरी, सळई. मागच्या टोकाला एक उभी सळई अडकवलेली असते. ती डब्याच्या पाठीतून वर जाते.

चौथी, बिजागरी. झाकण मागच्या बाजूला बिजागरीवर फिरते. सळईचे वरचे टोक बिजागरीच्या अगदी जवळ, थोडे पुढे, झाकणाला अडकवलेले असते. सळई वर सरकली की झाकण वर ढकलले जाते. काही डब्यांत सळई बिजागरीच्या मागे असते आणि झाकणाची शेपटी खाली ओढते. परिणाम तोच.

आता सळई बिजागरीच्या इतक्या जवळ का? हिशेब करून पाहू. समजा झाकण २४ सेंटीमीटर लांब आहे आणि सळई बिजागरीपासून २ सेंटीमीटरवर ढकलते. सळई जेमतेम दोन सेंटीमीटर वर गेली की झाकण जवळजवळ उभे राहते. थोड्या हालचालीत मोठे काम होते.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. हालचाल वाचली की जोर जास्त लावावा लागतो. समजा झाकणाचे वजन ३०० ग्रॅम आहे. हे वजन झाकणाच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून १२ सेंटीमीटरवर आहे असे धरायचे. सळई त्याच्या एक षष्ठांश अंतरावर आहे, म्हणून तिला सहापट जोर लावावा लागतो. ३०० चे सहापट म्हणजे १८०० ग्रॅम, पावणेदोन-दोन किलो. खालच्या पट्टीत टेकू पायाच्या बाजूला जवळ असेल तर पायाला आणखी दुप्पट जोर लागेल, साडेतीन किलोच्या आसपास. बोटांनी एवढा जोर लावायचा तर त्रास होईल. पण आपले सगळे अंग पायावर उभे असते. पन्नास किलोच्या बाईला पायाने साडेतीन किलो दाबायचे म्हणजे काहीच नाही. या डब्यातली खरी हुशारी हीच. जोराचे काम पायाला दिले आणि हात मोकळे ठेवले.

पाय काढला की झाकण आपल्याच वजनाने खाली येते, सळई खाली जाते आणि पेडल पुन्हा वर उठते. महाग डब्यांत झाकण हळूच बंद व्हावे म्हणून एक छोटी नळी बसवलेली असते. तिच्यात हवा किंवा तेल कोंडलेले असते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला तर तो सावकाश जातो, तसेच हे. झाकण धाडकन आपटले की आतली घाणेरडी हवा आणि माश्या बाहेर उडतात, म्हणून ही सोय उपयोगाची आहे. पण ती नसली तरी अडत नाही.

हे सुचले कोणाला?

पायाने उघडणाऱ्या डब्याचे श्रेय बहुतेक ठिकाणी अमेरिकेच्या लिलियन गिलब्रेथ या बाईंना दिले जाते. त्यांचा जन्म १८७८ चा. त्या इंजिनिअर होत्या आणि बारा मुलांची आई होत्या. कारखान्यातल्या कामगाराची एकेक हालचाल मोजून फुकटचे वाकणे, चालणे, उचलणे कसे वाचवता येईल याचा त्या नवऱ्यासोबत अभ्यास करत. १९२४ मध्ये नवरा वारला. कंपन्या एकट्या बाईला काम द्यायला तयार नव्हत्या. मग त्यांनी तोच अभ्यास स्वयंपाकघराला लावला. घरात राबणाऱ्या बाईचे कष्टही मोजायचे असतात, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरी गोष्ट डेन्मार्कची. १९३९ साली रँडर्स गावच्या होल्गर नील्सन या कारागिराने बायकोच्या केशकर्तनालयासाठी पेडलचा एक पत्र्याचा डबा बनवला. केस कापणाऱ्या बाईचे दोन्ही हात कामात असतात. पुढे तो डबा डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर मागू लागले. तोच डबा आज श्रीमंत घरांत शोभेची वस्तू म्हणून विकला जातो. मूळ गरज मात्र हाताने काम करणाऱ्या एका बाईची होती.

आपोआप उघडणारा डबा

आता ताईंच्या मालकीणबाईंच्या डब्याकडे येऊ. त्यात जादू नाही आणि आत कोणी बसलेलेही नाही.

झाकणाच्या पुढच्या बाजूला काळ्या काचेसारखा एक ठिपका असतो. त्याला सेन्सर म्हणतात, आपण डोळा म्हणू. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात. एक बारीक दिवा आणि एक प्रकाश ओळखणारा तुकडा. दिव्यातून निघणारा प्रकाश आपल्याला दिसत नाही. त्याला अवरक्त किरण म्हणतात. टीव्हीच्या रिमोटमध्ये हाच दिवा असतो. घरी करून पाहा: मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचे पुढचे टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल, डोळ्यांनी मात्र काहीच दिसणार नाही. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा.

डब्याचा दिवा असाच सतत लुकलुकत असतो. समोर काही नसेल तर प्रकाश निघून जातो. आपण वीतभर अंतरावर हात धरला की प्रकाश हातावर आपटून परत येतो आणि शेजारचा तुकडा तो पकडतो. मग आतली छोटी चिप मोटर सुरू करते. मोटर खेळण्यातल्या गाडीत असते तेवढीच असते. तिचा वेग जास्त आणि जोर कमी, म्हणून मध्ये दातेरी चाके बसवतात. चाकांमुळे वेग कमी होतो, जोर वाढतो आणि झाकण उचलले जाते. काही सेकंद थांबून मोटर उलटी फिरते आणि झाकण बंद होते.

या डोळ्याला हात आणि मांजर यांतला फरक कळत नाही. जवळ जे येईल त्याला झाकण उघडते. म्हणून असा डबा जाण्या-येण्याच्या वाटेत ठेवला तर दिवसभर उघडझाप करतो आणि सेल लवकर संपतात.

करंटची भीती? असे बरेच डबे दीड व्होल्टच्या साध्या सेलवर चालतात. चार सेल धरले तर सहा व्होल्ट होतात, तेवढ्याने शॉक बसत नाही. डबा वायरने भिंतीतल्या बोर्डाला जोडलेला असेल तर मात्र ओल्या हाताने वायर आणि प्लग हाताळू नये, आणि धुण्याआधी प्लग काढावा.

डबा बंद का पडतो? बहुतेक वेळा तीनच कारणे असतात. सेल संपतात. डोळ्यावर तेलकट धूळ किंवा वाफ बसते. किंवा डबा खिडकीपाशी असतो आणि कडक ऊन थेट डोळ्यावर पडते. उन्हातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे तो गोंधळतो. चौथे कारण माणसाचे: घाईने झाकण हाताने ओढले तर आतल्या चाकांचे दात तुटतात. म्हणून उघडा ठेवायचा असेल तर वरचे बटण वापरावे.

आम्ही ताईंना सांगितले, "उद्या गेल्यावर बाईंच्या देखत मऊ कोरड्या फडक्याने तो काळा ठिपका पुसा आणि त्यांना नवीन सेल घालायला सांगा." चार दिवसांनी ताई भेटल्या. जुने सेल गळून त्यांच्या टोकांवर पांढरे साचले होते. ते पुसून नवीन सेल घातले आणि झाकण उघडले. पगार कापला नाही. बाईंनी चूकही मान्य केली नाही. पण ताई म्हणाल्या, "आता मी त्या डब्याला घाबरत नाही."

आपल्या घरी कोणता?

दहा बाय बाराच्या खोलीत आणि ओल्या मोरीशेजारी सेन्सरच्या डब्याचे काम नाही. पाण्याने तो बिघडतो, बिघडला की वस्तीत दुरुस्त होत नाही आणि सेलचा खर्च कायमचा. मात्र घरात कोणाला लकवा झाला असेल, पोलिओने पाय अधू असेल किंवा गुडघ्याने पेडल दाबता येत नसेल, तर त्यांच्यासाठी तो खरोखर उपयोगाचा आहे.

बाकी घरांसाठी पेडलचा प्लास्टिकचा डबा पुरे. घेताना पाच गोष्टी पाहा. दुकानातच दहा वेळा दाबून पाहा, झाकण दर वेळी पूर्ण उघडले पाहिजे. आतली बादली वेगळी निघाली पाहिजे. झाकण चारी बाजूंनी घट्ट बसले पाहिजे, फट राहिली तर माशी आत जाते. सळई लोखंडी असेल तर गंजेल, प्लास्टिकची फार बारीक असेल तर मोडेल, जाड बघून घ्या. आणि पेडल दाबताना डबा कलंडत नाही ना ते बघा. कलंडत असेल तर बाहेरच्या डब्याच्या तळाशी, बादलीखाली, एक विटेचा तुकडा ठेवा. झाकण मागे पडायला भिंतीपासून थोडी जागा सोडा.

पेडल दाबूनही झाकण उघडेनासे झाले तर डबा फेकू नका. शंभरातल्या बऱ्याच वेळा सळई फक्त खालच्या खाचेतून निसटलेली असते. डबा उलटा करून ती परत अडकवा, सैल असेल तर तारेने बांधा.

नवीन डबा घेणे जमत नसेल तर बिजागरीचे झाकण असलेल्या जुन्या डब्याला दोरी लावता येते. झाकणाच्या मधोमध भोक पाडून दोरी बांधा. ती सरळ वर नेऊन भिंतीतल्या हुकावरून खाली आणा आणि टोकाला पाय घालण्याएवढा फास करा, जमिनीपासून वीतभर वर. फासात पाय घालून खाली दाबला की झाकण उघडते. डब्याच्या तळाशी वीट ठेवायला विसरू नका, नाहीतर डबाच उचलला जाईल. घरात रांगते मूल असेल तर काम झाल्यावर फास हुकावर अडकवून ठेवा. मुलाच्या गळ्यात दोरी अडकू शकते.

झुलत्या झाकणाचे डबे मिळतात, त्यांना ढकलून कचरा टाकायचा असतो. त्यात हात लागतोच आणि झाकण दोन्ही बाजूंनी बरबटते. ते घेऊ नका.

झाकणाने काय होते आणि काय होत नाही

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर असे: नुसत्या डब्याने नातवाचे जुलाब थांबणार नाहीत. डबा म्हणजे एक वाट बंद. पिण्याचे पाणी, शौचालय आणि साबणाने हात धुणे या मोठ्या वाटा आहेत. स्वयंपाकाआधी, बाळाला भरवण्याआधी आणि शौचानंतर किंवा बाळाची शी धुतल्यावर साबण लागलाच पाहिजे.

ओला कचरा रोज बाहेर गेला पाहिजे. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून नवी माशी व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. कचरा रोज गेला तर अळीची माशी व्हायला वेळच मिळत नाही. बादली आठवड्यातून दोनदा साबणाने धुऊन उन्हात उपडी ठेवा. झाकणाची कड आणि पेडलही घासा. ब्लीचिंग पावडर वापरायची तर त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू छातीत जातो आणि जीव जाऊ शकतो.

मुलाला जुलाब झालेच तर ओआरएसचे पाणी घोट घोट सुरू करा, अंगावरचे दूध थांबवू नका आणि आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या घ्या. शौचात रक्त, डोळे खोल जाणे, मूल मलूल होणे किंवा पाणीही न पिणे, यांपैकी काही दिसले तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

आपल्यानंतर कोणाचा हात?

शेवटी आमचाच एक अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या वॉर्डातल्या एका डब्याचे पेडल मोडले. महिनाभर कोणी बदलले नाही. सगळे झाकण हाताने उघडू लागले, मग कोणी तरी झाकणच काढून ठेवले. उघड्या डब्यात कोण काय टाकतो याचा धरबंध राहिला नाही. एक दिवस सफाईच्या मावशींनी पिशवी उचलली आणि आतली सुई त्यांच्या तळहातात घुसली. पुढचे कित्येक महिने त्या तपासणीला जात होत्या. रिपोर्ट चांगले आले, पण त्या महिन्यांत त्यांची झोप उडाली होती. ती सुई टाकणाऱ्याचे नाव कधी कळले नाही.

दवाखान्यांसाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. पिवळा, लाल, पांढरा, निळा असे वेगवेगळे डबे असतात आणि सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यातच जातात. घरातल्या कचऱ्याला मात्र असा पहारेकरी नाही. आपला हात न लागता झाकण उघडले आणि बंद झाले, की आपल्यापुरता प्रश्न संपतो. पण पुढे तो कचरा कोणी तरी हातानेच उचलते. ते हात कोणाचे असतात हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. आपल्याच घरातले कोणी घंटागाडीवर असते, कोणी कचरा वेचते. हे काम पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींच्याच माथी मारले गेले. आपण तरी त्या हातांना जखम होईल असे काही टाकू नये.

म्हणून घरात एवढे नक्की करा. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. दाढीचे पाते, फुटलेली काच आणि साखरेच्या पेशंटची इंजेक्शनची सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा. सुई आरोग्य केंद्रात परत घेतात का ते विचारा. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हीच लाल ठिपक्याची मागणी लोकांपुढे ठेवली. उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळते आणि पुडी उघडून पाहावी लागत नाही. आणि आपला सफाई कामगार हातमोज्याशिवाय दिसला, तर त्याच्यावर वैतागण्यापेक्षा वॉर्ड ऑफिसला विचारा की याला मोजे का मिळाले नाहीत.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी मोडका पेडलचा डबा असेल त्यांनी तो घेऊन या. सोबत तार आणि पक्कड असू द्या. तिथेच बसून दुरुस्त करू.